निवृत्ती मिस्त्रीची सुई

निवृत्ती सोनकांबळेला लाल आणि हिरवा रंग वेगवेगळे ओळखता येत नाहीत, ही गोष्ट मुदखेडात फक्त दोघांना माहीत होती. एक त्याची बायको पंचशीला आणि दुसरा मी. आता ती अख्ख्या नांदेड जिल्ह्यातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना, बेंजो पार्ट्यांना आणि मोटारवाल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. ती बाहेर काढणारा मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

आम्ही दोघं दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. माझ्या घरी चार एकर जमीन, त्याचा बाप स्टेशनवर हमाल. निवृत्ती माझ्या घरी ओसरीवर बसून पाणी प्यायचा आणि मी त्याच्या घरी जेवायला पहिल्यांदा गेलो तो त्याच्या लग्नात. तरी आमची दोस्ती होती, निदान मी तिला दोस्ती म्हणत होतो.

जंक्शनच्या गावात रेल्वेच्या नोकरीला काय किंमत असते ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. निवृत्तीनं रेल्वेची लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात काढली. बापानं पेढे वाटले. मग तो मेडिकलला सिकंदराबादला गेला. तिथं डॉक्टरनं त्याच्यापुढं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं आणि त्यातला आकडा वाचायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा घरी न जाता फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसून राहिला. मीच त्याला शोधत गेलो.

"भागवत, मला नुसते ठिपकेच दिसले रे," तो म्हणाला. "बाकीच्यांना त्यात आकडे दिसतेत म्हणं. आजपर्यंत मला वाटायचं समद्यांला असंच दिसतंय."

तो रडला. मी त्याला कोणाला सांगणार नाही म्हणून वचन दिलं. त्यानं घरी सांगितलं की जागाच कमी झाल्या. बाप मरेपर्यंत सरकारला शिव्या देत राहिला.

निवृत्ती मग मोटार वाइंडिंगच्या दुकानात शिकायला लागला आणि चार वर्षांत त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, मोंढ्याच्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या शेजारी. जळालेल्या पाणबुडी मोटारी यायच्या, तो त्यातली जुनी तार काढून नवी भरायचा. एकदा एका बेंजो पार्टीनं लग्नाच्या आदल्या दिवशी बंद पडलेला बेंजो आणला. त्याचं पिकअप गेलं होतं. निवृत्तीनं ते उघडून बघितलं आणि म्हणाला, ही तर आपलीच वस्तू हाय, नुसती तार बारीक.

खरंच तेवढंच असतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा चपटा तुकडा बसवलेला असतो. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्यात करंट उठतो आणि तोच पुढं स्पीकरमधून आवाज होऊन येतो. एका गुंडाळीचं पिकअप लख्ख वाजतं, पण सोबत गुणगुण आणतं. दोन गुंडाळ्यांचं जाड, भरदार वाजतं आणि गुणगुण करत नाही. आमच्यासारख्यांना एकाच कार्यक्रमात लावणीही वाजवायची असते आणि डिस्कोही, तेव्हा ज्याला त्याला एकाच गिटारवर दोन्ही जातींची पिकअपं बसवून हवी असतात. पिकअप निवडायला एक खुंटी असते; ती मध्ये आणली, आमच्या भाषेत मधली खुंटी, की दोन्ही एकदम वाजली पाहिजेत.

अडचण तिथंच येते. दोघांचा करंट एकाच दिशेनं निघाला तर आवाज भरून येतो. एक सुलटं आणि एक उलटं जोडलं गेलं तर ती एकमेकांना खातात. गंमत म्हणजे वेगवेगळी वाजवली तर दोन्ही ठणठणीत, एकत्र लावली की आवाज पोकळ. पिकअपला लाल, हिरवी, काळी, पांढरी अशा वायरी असतात. सगळे कारागीर रंग बघून जोडतात. पण एका कंपनीची लाल ती दुसऱ्या कंपनीची हिरवी, हे कुणी ध्यानात घेत नाही.

निवृत्तीला रंग बघायची सोयच नव्हती. त्याच्याकडं काट्याचा जुना मीटर होता. तो पिकअपच्या वायरी मीटरला लावायचा, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवायचा आणि सुई कुठं उडते ते बघायचा. उजवीकडं उडाली की सुलटी, डावीकडं उडाली की उलटी. मग सुलट्या वायरीला दोरा बांधून ठेवायचा. प्रत्येक वायर, प्रत्येक वेळी, शंभरावं पिकअप असलं तरी. लोकांना वाटायचं मिस्त्री लई बारकाईनं काम करतो. बारा वर्षांत त्याचा एक जोड उलटा गेला नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा राजशेखर अण्णाचा. अण्णा मूळचा देगलूरचा, आता नांदेडात वजिराबादेत राहतो, गातो बरा आणि बोलतो त्याहून जास्त. मीही आता नांदेडातच, दिवसा खता-बियाण्याच्या दुकानात काउंटरवर असतो आणि लग्नसराईत, जयंतीत, गणपतीत अण्णाकडं गिटार वाजवतो. अंगावर चमकीचा कोट घालून स्टेजवर उभा राहतो तेवढे तीन तास मी कोणीतरी असतो. ते तीन तास जाऊ नयेत म्हणून मी काय काय केलं ते आता ऐका.

अण्णाचा भाचा आदर्श लातूरला इंजिनिअरिंग करतो. त्यानं महागडी गिटार घेतली, ऑनलाइन पिकअप मागवलं, इंटरनेटवरून जोडणीचा तक्ता काढला आणि स्वतःच सगळं जोडलं. मधल्या खुंटीला आवाज मेला. महिनाभर झटून शेवटी ती गिटार घेऊन तो मुदखेडला आला. मीच त्याला घेऊन गेलो होतो. निवृत्तीनं मीटर लावला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, दोन वायरींची अदलाबदल केली आणि गिटार परत दिली. चहा येईपर्यंतचं काम.

"तक्ता दुसऱ्या कंपनीचा हाय तुमचा," तो म्हणाला. "तुम्ही लई शिकून राहिलाव, चांगलंय. पण रंगावर भरवसा ठिवू नगा. सुईला इचारा."

त्यात टोमणा नव्हता. निवृत्तीला टोमणे मारता येत नाहीत. पण दुकानात पंक्चरवाला आणि दोन शेतकरी बसले होते, ते हसले. एक जण म्हणाला, इंजिनेरसाहेबांना मिस्त्रीनं शिकवलं. आदर्शचे कान तापले.

पुढच्या महिन्यात माझ्या कानावर आलं की अण्णा लीड गिटारला आदर्शला बसवणार. मी घाबरलो. वजिराबादेत अण्णाच्या माडीवर सराव असायचा, सरावानंतर खाली टपरीवर चहा. तिथं आदर्श त्या दिवसाचं बोलणं काढून कुरकुरत होता, मिस्त्री स्वतःला काय समजतो वगैरे. त्याच्या मर्जीत बसायची ती वेळ होती. माझी जीभ घसरली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. घसरली नव्हती. मी कप खाली ठेवून, आवाज खाली करून, मजा यावी अशा बेतानं सांगितलं.

"त्यो रंगावर भरवसा कसा ठिवंल? त्याला लाल-हिरवं कळतच न्हाई. रेल्वेनं त्याच्यापायीच हाकललं त्याला."

टपरी हसली. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. "आणि आपण त्याच्याकडून वायरिंग करून घेऊन राहिलो?" तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझी जागा राहिली. मला त्या थापेचं बरं वाटलं, हेही खरं आहे.

रविवारी अण्णाची जीप मुदखेडला आली. अण्णा, आदर्श, ढोलकीवाला व्यंकट आणि मी. आदर्शच्या हातात पिशवी होती. दुकानात शिरून त्यानं ती निवृत्तीच्या टेबलावर रिकामी केली. ओल्या मिरच्या, पिकून लाल झालेल्या आणि हिरव्या, एकत्र.

"काका, मावशीनं हिरव्याच आणायला सांगितल्या होत्या," तो भोळ्या तोंडानं म्हणाला. "बाजारवालीनं मिसळून दिल्या. जरा हिरव्या तेवढ्या निवडून द्या ना."

निवृत्तीला कळायला क्षणही लागला नाही. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचत होतो. तोवर पंक्चरवाला आला होता, चहावाला आला होता, मोटार घेऊन आलेले दोघं उठून टेबलाशी आले होते. नाही म्हटलं तरी तेच उत्तर झालं असतं. निवृत्ती स्टुलावर बसला आणि एकेक मिरची उचलून बोटांनी दाबून बघायला लागला. पिकलेली मिरची मऊ असते. देठ हिरव्याचा ताठ असतो. डोळ्यांनी जे मिळत नव्हतं ते तो हातानं काढत होता, जसा आयुष्यभर काढत आला होता. कपाळावरचा घाम पुसायलाही तो थांबला नाही.

चाळीस मिरच्या होत्या. सदतीस बरोबर निघाल्या. हिरव्याच्या ढिगात तीन लाल गेल्या, त्या तीन आदर्शनं देठाला धरून वर केल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. दुकान हसलं. सदतीस बरोबर होत्या हे कोणी बोललं नाही. मीही हसलो, कारण न हसणारा एकटाच दिसलो असतो.

मागच्या खोलीतून पंचशीला आली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, रविवार म्हणून घरी होती. तिनं सगळ्या मिरच्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि पिशवी आदर्शच्या हातात दिली.

"घ्या. झाली ना तुमची निवड," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. सांगणारा कोण हे तिला सांगायची गरज नव्हती, गावात माहीत असलेला दुसरा माणूसच नव्हता.

त्यानंतर त्याचं नाव आंधळा मिस्त्री पडलं. शाळेतली पोरं दुकानावरून जाताना शर्ट ओढून दाखवायची आणि रंग विचारायची. शेतकऱ्यांनी मोटारी भोकरला न्यायला सुरुवात केली. तीन वायरींत अदलाबदल झाली तर पंप उलटा फिरेल म्हणे. बारा वर्षं एकाचाही पंप उलटा फिरला नव्हता, पण ज्याच्या मोटारी त्यानं भरल्या तेच आता असं बोलत होते. जे येत होते ते अट घालून येत. वहिनींना बसवा, त्या रंग सांगतील तसं जोडा. पंचशीला अंगणवाडी सुटल्यावर येऊन टेबलाशी बसायची आणि म्हणायची, ही लाल, ही हिरवी. निवृत्ती मान हलवायचा. गिऱ्हाईक गेलं की सगळं सोडवून पुन्हा सुईनं तपासायचा. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

एप्रिल जवळ आला. आदर्शची परीक्षा होती, म्हणून लीडला मीच राहिलो. अण्णानं माझ्या गिटारीसाठी दोन गुंडाळ्यांचं नवं पिकअप घेतलं. पुढं माझं जुनं एका गुंडाळीचं, मागं हे, आणि मधल्या खुंटीवर दोन्ही. नांदेडात असं काम धड करणारा नव्हता, म्हणून अण्णाला पुन्हा मुदखेडलाच यावं लागलं. गरज त्याची, आणि बसला मात्र उपकार केल्यासारखा. आदर्शनं दिलेला तक्ता त्याच्या खिशात होता.

निवृत्तीनं सवयीनं मीटर काढला.

"ते ठेव," अण्णा म्हणाला. "सुई टोचून काय कळतंय? तक्ता हाय, वहिनी हायेत. लाल खुंटीला, हिरवी अर्थिंगला. माझ्या डोळ्यांदेखत जोड. नंतर उघडायचं न्हाई."

"अण्णा, एकदा बघू द्या. लई येळ लागत न्हाई."

"तुला कळत न्हाई म्हून तर वहिनींना बसवलंय."

निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक होतं सुई काय असते. बारा वर्षं मी तिचं काम ऐकत आलो होतो. एक शब्द पुरला असता.

"कर की तसं," मी म्हणालो. "काय फरक पडतोय."

त्यानं मीटर खणात ठेवला. पंचशीलानं रंग सांगितले आणि बरोबर सांगितले, तिच्या नजरेत काही खोट नाही. निवृत्तीनं तक्त्याप्रमाणं जोडलं. लाईट दुपारपासून गेलेली, जोड झाळायचा कावीया बॅटरीवर तापवला होता, पण ॲम्प्लिफायर लावून ऐकणं शक्य नव्हतं. अण्णाला घाई होती. गिटार गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी देगलूरला एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. अण्णानं वायरी ओढायला निवृत्तीलाही जीपमध्ये घेतलं. सूर्य मावळायला कार्यक्रम सुरू झाला. पहिली दोन गाणी मी पुढच्या पिकअपवर वाजवली, तिसरं मागच्या. दोन्ही झकास. चौथ्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा होता, तिथं मी खुंटी मध्ये आणली आणि आवाज बसला. रिकाम्या डब्यात माशी अडकावी तेवढाच उरला. मी जोर लावला, काही नाही. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

अण्णाला माईक मिळाला की आवरत नाही. "माफ करा मंडळी," तो म्हणाला, "आमच्या मिस्त्रीला लाल काय, हिरवं काय, दोन्ही सारखंच. सिग्नलला गाडी चालवत न्हाई एवढं नशीब." मंडप हसला. तेलुगूत कोणीतरी शेजारच्याला समजावून सांगितलं, तोही हसला. अण्णानं स्टेजच्या कडेला वायरींच्या वेटोळ्याजवळ उभ्या असलेल्या निवृत्तीकडं बोट केलं, म्हणजे लोकांना बघायला सोपं जावं. तो हात बाजूला सोडून उभा राहिला. पळून जायलाही जागा नव्हती, जीप आमचीच होती.

जोड रंगानं बरोबर होता आणि करंटानं उलटा. तक्ता पुन्हा दुसऱ्याच कंपनीचा होता. हे स्टेजवर फक्त मला कळलं, आणि माईक माझ्यापुढंही होता.

तीन दिवसांनी मी एकटाच मुदखेडला गेलो. गिटार गोणपाटात गुंडाळून, मागच्या दारानं. चौदा तारखेला नांदेडात जयंतीचा मोठा कार्यक्रम होता आणि त्या गिटारीवर मी उभा राहू शकत नव्हतो. निवृत्तीनं आत घेतलं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यानं मीटर काढला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, सुई डावीकडं उडाली. दोन वायरी काढून उलट्या जोडल्या. मग नुसतं तेवढ्यावर न थांबता खुंटीचे जोड नव्यानं केले, पुढच्या पिकअपची गुणगुण होती ती आतून तांब्याची पट्टी लावून घालवली. दोन तास बसला. ॲम्प्लिफायरला लावून मी मधल्या खुंटीवर एक तार छेडली आणि अंगावर काटा आला. तसा आवाज माझ्या गिटारीतून कधी निघाला नव्हता.

मी पाकीट काढलं. त्यानं हात धरला.

"पैसे नगं. अण्णाला एवढंच सांग, निवृत्तीनं केलं. समद्यांसमोर सांग. सुईनं केलं, रंग न बघता. मग दुकान चालंल माझं."

"सांगतो," मी म्हणालो.

"इसरू नको."

"न्हाई इसरत."

पंचशीला दारात उभी होती. "भाऊजी, ते येणारेत चौदाला," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायला. मी नको म्हणत होते."

चौदा तारखेला मैदान निळं झालं होतं. निवृत्ती पांढराशुभ्र सदरा घालून, पंचशीलाला घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी उभा राहिला. पहिल्या गाण्यापासून मी मधली खुंटी सोडली नाही. गिटार भरून वाजली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, पोरं नाचली, एका तुकड्याला लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. मी बघितलं तेव्हा निवृत्ती डोळे मिटून ऐकत होता.

मध्यंतरात मी पायऱ्या उतरलो. अण्णानं माझ्या गळ्यात हात टाकला. मागं परीक्षा संपवून आलेला आदर्श होता, व्यंकट होता, आयोजकांची चार माणसं होती. निवृत्ती हातभर अंतरावर आला आणि थांबला.

"आज काय वाजलास रे," अण्णा म्हणाला. "गिटार एकदम गोड झाली. कुणाकडून करून आणलीस?"

सगळे माझ्याकडं बघत होते. निवृत्तीचं नाव माझ्या ओठांवर होतं. पण आदर्शच्या तोंडावर ते हसू आधीच तयार होतं, आणि मला दिसलं की आंधळ्या मिस्त्रीकडून करून आणली म्हटलं की आता ते माझ्यावर येणार. आज, एवढ्या लोकांत, चमकीच्या कोटात.

"हैदराबादला," मी म्हणालो. "मोठा कारागीर हाय तिथं."

"बघ, म्हणलो नव्हतो?" अण्णा आयोजकांना म्हणाला. "काम पाहिजे तर जाणकाराकडंच जावं लागतंय."

पंचशीलानं निवृत्तीचं मनगट धरलं आणि ओढलं. तो हलला नाही. तो माझ्या गळ्यातल्या गिटारीकडं बघत होता. त्यानं हात पुढं केला, मधली खुंटी दोन बोटांनी हलवून बघितली, घट्ट आहे की नाही ते.

"चांगलं काम केलंय त्यांनी," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणालो.